घरचंच काम

गिऱ्हाइकाच्या बुटाला नवा तळवा लावला की मी तो चोवीस तास दाबाखाली ठेवतो. त्याआधी कुणी कितीही घाई केली तरी बूट हातात देत नाही. घरच्या माणसांचे बूट मात्र मी चहा पिता पिता चिकटवतो. घरची माणसं जाऊन जाऊन जाणार कुठे?

ताई निघाली डोंगरातल्या तळ्याला. आईच्या आजारपणात तिने एकटीने नऊ वर्षं काढली होती. आई गेल्यावर तिने एवढंच मागितलं, की ते तळं एकदा डोळ्यांनी बघायचंय. चार दिवसांची पायपीट, पाठीवर तंबू. मी सोबत गेलो, कारण डोंगरातलं मला सगळं कळतं असा माझा समज होता. दुकानात येणारे गिर्यारोहक मला सगळं सांगतात. माझा अनुभव तेवढाच.

पहिल्या दिवशी चढावर श्वास कसा घ्यावा, यावर मी ताईला व्याख्यान दिलं. ते अर्धवट राहिलं, कारण मला धाप लागली. पुढे जाऊन ती माझ्यासाठी थांबायची आणि मी पोचलो की लगेच निघायची. म्हणजे विश्रांती फक्त तिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, तळं तीन तासांवर आलेलं असताना, तिच्या उजव्या बुटाचा, निघण्याआधी मीच चिकटवलेला, तळवा सुटला. पार टाचेपर्यंत. मी आधी दगडांना दोष दिला, मग सोल्यूशनच्या डब्याला. ताईने बूट काढून बाजूला ठेवला आणि तंबू उभारायला घेतला. तेव्हा मात्र मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो शिवायला अख्खा दिवस लागला असता आणि आमच्या हातात तेवढाच एक दिवस होता. त्यापुढे खायला पुरलं नसतं. सकाळी मी माझे बूट तिच्यापुढे ठेवले. दोन नंबर मोठे. तिने मोज्यांचे तीन जोड चढवले आणि एकटीच गेली.

मी तंबूबाहेर अनवाणी बसलो. सवयीने बरोबर घेतलेली चामडं टोचायची आरी आणि मेण लावलेला दोरा काढला आणि एकेक टाका घालत गेलो. ओळ वाकडी गेली म्हणून दोनदा उसवलं. बोटं सोलली. नऊ वर्षांत ताईसाठी मी एकदाही इतका वेळ बसलो नव्हतो. फार लाज वाटली.

ऊन उतरल्यावर ती आली, चेहरा उजळलेला.

"दिसलं?"

"दिसलं. पाण्यात पाय सोडून तासभर बसले."

मग तिने शिवलेला बूट उचलला आणि तळवा दोन्ही हातांनी ओढून पाहिला. तो जराही हलला नाही.

"जमतं की रे तुला," ती म्हणाली. "आई चालती-फिरती होती तेव्हा तिच्या चपला चार महिने तुझ्या दुकानात पडून होत्या. मी तिला सांगायचे, त्याला जमत नसेल."