मरहूनच्या पंपाचं गार पाणी

फलजचं पाणी निम्म्यावर आलं आणि खल्फानच्या लिंबांची पानं वळू लागली. डोंगरातून गावात येणाऱ्या या पाटाचा कारभार खल्फानकडे होता आणि त्याचा संशय एकाच माणसावर होता. मरहूनने गावाच्या वरच्या अंगाला नवी विहीर खोदली होती.

"माझा झरा वेगळा आहे," मरहून म्हणायचा. "नसेल तर सिद्ध कर."

सिद्ध करायला मस्कतहून पाणी तपासणारा हिलाल आला. पहाटे त्याने फलजच्या उगमाच्या विहिरीत एक बाटली ओतली. त्यात प्रयोगशाळेत बनवलेले डीएनएचे तुकडे होते. ही खूण मरहूनच्या पाण्यात सापडली, की दोन्ही पाणी एकच.

दुपारी हिलाल आणि खल्फान नमुना घ्यायला गेले.

"पंप बिघडलाय," मरहून म्हणाला. "सकाळी टाकी भरली आणि बसलाच. टाकीतलं घ्या, हवं तेवढं."

टाकी छपरावर होती, उघडी. हिलालने कपाळाला हात लावला. "काका, ही खूण अंधारात, गारव्यात टिकते. ऊन आणि उष्णता तिचा भुगा करतात. या पाण्यात काही सापडायचं नाही."

"मग सापडलं नाही असं लिही," मरहून समाधानाने म्हणाला. "चला, जेवण वाढलंय."

"आम्हाला वेळ नाही," खल्फान कुरकुरला.

"माझ्या दारातून उपाशी जाणार? माझ्या बापाचं नाव बुडवायला निघालास का?"

खल्फानने दारातच वहाणा काढल्या. एका परातीतून तिघांनी हाताने भात-मटण खाल्लं. शेवटी हिलालने हात धुवायला टाकीच्या नळाखाली धरला आणि किंचाळला. पाणी चहाला ठेवल्यासारखं होतं.

मरहूनचा चेहरा उतरला. "पाहुण्याचा हात भाजला! माझ्या घरी!"

तो अनवाणीच धावला. बिघडलेला पंप दोनदा खोकला आणि सुरू झाला. नळीतून गार पाणी आलं. हिलालने उजवा हात धुतला. डाव्या हाताने नळीखाली नमुन्याची बाटली धरली.

चौथ्या दिवशी निकाल आला. खूण होती. गावाने पंपाला सील ठोकायचं ठरवलं. मरहूनचा धाकटा भाऊ सगळ्यांसमोर ओरडला, "अरे, पण तू पंप चालू कशाला केलास?"

"मग काय पाहुण्याला तुपकट हातांनी घालवू?" मरहून भडकला.

"बरोबर आहे त्याचं," खल्फान म्हणाला आणि सीलची तार घट्ट पिळू लागला.