चार बायकांनी उचललेली बाज

मित्रांनो, मी एक जुनी बाज आहे. बाभळीच्या लाकडाची, एका पायाखाली कायम विटेचा तुकडा लागणारी. टेकडीवरच्या वस्तीत, एका शेतमजुराच्या एकाच खोलीच्या घरात माझे आयुष्य गेले.

मला घरच्या सुनेच्या बापाने घडवले आणि तिने स्वतः विणले. घरात बाज एकच, म्हणून मान सासूचा. सून आणि तिचा नवरा जमिनीवर निजत. दोरी सैल पडली की सून पायाने रेटा देऊन मला ताणायची, ढेकूण झाले की उकळते पाणी ओतायची.

वस्तीला रस्ता नव्हता. कुणी आजारी पडले की मला दोन बांबू बांधायचे आणि चौघांनी आजाऱ्याला खाली सडकेपर्यंत न्यायचे. तापाने फणफणलेली पोरे, अडलेल्या बाया, पाय मोडलेला गवंडी, सगळे माझ्यावरून गेले. सासू कुरकुरायची, "मला खाली निजवते आणि बाज गावाला वाटते." सून हसून म्हणायची, "आत्याबाई, तुमच्या पाठीला जमीनच मानवते." लोक मला वस्तीची मोटार म्हणत. मला फार अभिमान वाटे.

एके दिवशी सुनेच्याच पोटात कळ उठली. तिने दात आवळून पाणी भरले, स्वयंपाक केला आणि दुपारी चुलीपुढेच आडवी झाली. नवरा परगावी बांधकामावर होता. वस्तीतले धडधाकट पुरुष खालच्या मळ्यात कांदा भरत होते. शेवटी चार बायकांनी मला उचलले. त्यातली एक साठी उलटलेली सासूच होती.

मळ्यापाशी सासूने मुकादमाला विनवले, की आम्ही थकलो, चार गडी द्या. तो म्हणाला, "ट्रक भरल्याशिवाय एकही गडी हलणार नाही." सासूने गड्यांकडे पाहिले. उद्या कामावर घेणार नाहीत या धास्तीने कुणी मान वर केली नाही.

पुढची वाट कोरड्या ओढ्यातून होती. सासूला धाप लागलेली ऐकून सून उठून बसली. "मला उतरवा. एवढं मी चालते," म्हणाली. चार पावले चालली आणि वाळूत कोसळली. त्यांनी तिला पुन्हा माझ्यावर घेतले. सडक दिसू लागली तेव्हा माझ्या दोरीवरचा तिचा श्वास थांबला होता. मी मुकी. तशाच चालत राहिलेल्या बायांना सांगू शकले नाही.

संध्याकाळी मळा सुटला. सगळे गडी धावत आले, मुकादमही आला. तिला वर न्यायला इतके खांदे झाले, की पाळी लावावी लागली.

सासू त्यानंतर माझ्यावर निजली नाही. मला घरामागे टाकले. पावसाने दोरी कुजली, कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या.

परवा त्या मळ्यातलाच एक गडी बाज मागायला आला. त्याच्या पोराला ताप चढला होता. सासू उठून आत गेली. तिने सुनेची ठेवून दिलेली लुगडी आणली, फाडून पट्ट्या केल्या आणि मला विणून दिले. मग म्हणाली, "ने. पण मळ्यावरून जाऊ नकोस, उशीर होतो."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असे मी सांगायला हवे. पण माझे मागणे वेगळे आहे. माणूस गेल्यावर तुम्ही सगळे येताच. थोडे आधी या.