हणमंतप्पांचं हॉटेल चालू आहे

पोस्टातून निवृत्त झाल्यावर बिभीषणतात्यांना कुणी काही विचारेनासं झालं. सास्तूरची पत्रं दारोदार वाटण्यात हयात गेलेला माणूस, पण आता घरी चहाला साखर किती हेसुद्धा सूनबाई न विचारताच घालायची. मग धाकट्या मुलानं फोन घेऊन दिला. नळदुर्गच्या एका ढाब्यावर जेवून तात्या बाहेर पडतात न पडतात तोच फोननं विचारलं, ‘हे ठिकाण तुम्हाला कसं वाटलं?’

तात्यांनी चष्मा पुसला. कडेच्या दगडावर बसून अर्धा तास खपून लिहिलं, ‘शेंगाचटणी ताजी. भाकरी गरम. पाणी मचूळ. दाराजवळच्या बाजेची दोरी तुटली आहे, जाड माणसानं जपून बसावं.’ आठवड्यानं फोननं कळवलं, हे चारशे लोकांनी वाचलं.

तेव्हापासून त्यांना नादच लागला. पंक्चरचं दुकान, दवाखाना, तामलवाडीची रसवंती, काही सुटलं नाही. नियम एकच, डोळ्यांनी बघितल्याशिवाय लिहायचं नाही. गिरणीवाला दगडोबा रोज कुरकुरायचा.

“तात्या, माझ्या गिरणीला चारच तारे?”

“पाचवा तारा, पट्टा बदलल्यावर.”

“आन् पीठ?”

“पीठ बारीक हाय, तसं लिव्हलंय. मालकाचं तोंड वंगाळ हाय, ते लिव्हलं न्हाय. उपकार मान.”

हा नियम तात्यांनी एकाच जागी मोडला होता.

भूकंपानंतर सगळं गाव उठून नव्या जागी आलं. जुन्या गावठाणात बाभळी माजल्या. तिथंच, वेशीच्या आत डाव्या हाताला, हणमंतप्पांचं हॉटेल होतं. तात्या रोज सकाळी त्यांच्या बाकड्यावर पत्रं लावायचे. “बा तम्मा, बा,” म्हणत हणमंतप्पा कानडीत बोलवायचे आणि कपात चहा ओतायचे. त्यांची दहा वर्षांची लेक शिवगंगा समोर बसायची. तात्यांनी तिला पोस्टकार्डांवरच वाचायला शिकवलं होतं. पुढं तर आळीतल्या म्हाताऱ्यांची पत्रं तीच मोठ्यानं वाचून दाखवायची, दुःखाची ओळ आली की जरा थांबून.

त्र्याण्णवच्या त्या पहाटे हॉटेलही गेलं आणि आतली माणसंही. सोलापूरला वसतिगृहात होता म्हणून हणमंतप्पांचा थोरला मुलगा अमरनाथ तेवढा राहिला. तो परत गावाला आला नाही.

नकाशावर जुनं गाव कोरं दिसायचं. एका दुपारी तात्यांनी बोटानं चाचपडत वेस शोधली, खूण ठेवली आणि नाव लिहिलं, ‘हणमंतप्पांचं हॉटेल’. वेळ, पहाटे पाच ते संध्याकाळी सात. खाली लिहिलं, ‘चहा गुळाचा. भजी दहानंतर. मालक कानडीत रागावतात, पण रिकाम्या पोटी कुणाला जाऊ देत नाहीत. पत्र आलं असेल तर मालकांची लेक वाचून दाखवते.’ पाच तारे.

दोन-चार महिन्यांनी फोन विचारायचा, ‘हे ठिकाण अजून चालू आहे का?’

तात्या दाबायचे, ‘होय’.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडी एका दुपारी फोन वाजला. त्या खुणेवर कुणी तरी लिहिलं होतं. एकच तारा.

‘इथं कुणीच नाही. बाभळी आहेत आणि चुलीचा एक काळा दगड आहे. मी हाका मारल्या. कुणी आलं नाही.’

वर नाव होतं, शिवगंगा.

तात्यांच्या हातातला घास हातातच राहिला. ताट सारून ते गिरणीवर गेले. दगडोबानं वाचलं, मोटार बंद केली. पट्टा फडफडत थांबला.

“ही कोणची शिवगंगा?” त्यानं विचारलं.

“आपल्या गावात एकच व्हती.”

दगडोबा तिच्या वर्गातला. त्यानं फोन पिठाच्या हातानं परत दिला, जणू तापलेला होता. “तात्या, ते काढून टाका. म्या सांगतो, ऐका.”

चार दिवस फोन उलटा पडून होता. पाचव्या दिवशी पुन्हा वाजला. ‘हे ठिकाण अस्तित्वात नसल्याचं कळवण्यात आलं आहे. ते नकाशावरून काढण्यात येईल.’

तात्यांनी टोपी चढवली आणि उन्हातच जुन्या गावाची वाट धरली. ती खूण गेली असती, तर तिथं चहा उकळत होता हे सांगणारं जगात काही उरलं नसतं.

वेशीचे दोन दगड ओलांडले तसे पाय आपोआप डावीकडं वळले. बाभळीच्या सावलीत, चुलीच्या दगडासमोर, एक मुलगी बसली होती. मांडी घालून, हातात धरलेल्या कशात तरी बघत. ओठ हलत होते. ती वाचत होती.

तात्या जागीच थबकले. वारा पडलेला. आता ‘बा तम्मा’ ऐकू येणार, असं त्यांना वाटलं, आणि ते खरोखर वाट बघत उभे राहिले.

मुलगीच उठली. पंचविशीची असावी. “तुम्ही बिभीषणतात्या ना? फोनवर नावाशेजारी फोटो आहे तुमचा. मी सोलापूरची. अमरनाथ माझे वडील.”

तात्यांनी बाभळीला हात टेकला. त्या वर्षानंतर जन्मलेल्या लेकरांना घरोघर गेलेल्यांची नावं ठेवली होती. नव्या शाळेत हजेरी सुरू झाली की म्हाताऱ्या माणसांना ओसरीवर बसवायचं नाही. आणि अमरनाथनंही बहिणीचं नाव आपल्या लेकीला दिलं होतं.

“नाव तिचं मिळालं, पण ती कशी होती ते बाबांनी कधी सांगितलं नाही,” ती म्हणाली. “ती पत्रं वाचायची, हे मला तुमच्या पाच ताऱ्यांतून कळलं. बाबांना दाखवलं. तुम्ही लिहिलंय, चालू आहे. त्यांना सगळं माहीत आहे हो. तरी ते त्यात फोन नंबर शोधत बसले. तीनदा मला म्हणाले, बघ, कुठं तरी असेल.”

तात्या चुलीच्या दगडावर बसले.

“म्हणून मी आले. कुणी नवं काही काढलं असेल म्हटलं. हाका मारल्या. मग राग आला आणि तसं लिहिलं. असं ठिकाणच नाही, हेही मीच कळवलं. पण आता पुसणार म्हटल्यावर राहवेना, म्हणून आज पुन्हा आले.”

“पोरी,” तात्या म्हणाले, “भूकंपानंतरबी पत्रं येतच व्हती. पत्र परत करायचं तर पाकिटावर शेरा मारावा लागतो. पत्तेदार मयत, न्हायतर असा पत्ता नाही. म्या लिव्हायचो, दार बंद. दार बंद लिव्हलं की पत्र सात दिस ठिवता येतं, पुन्ना न्हेता येतं. तुझ्या आज्याच्या नावाची तीन पत्रं म्या दिवाळीपर्यंत हितं आणत व्हतो. शेवटाला सायबानंच हातातनं घेतली अन् शेरा मारला.”

ती त्यांच्याजवळ येऊन बसली. तिनं फोनवर दोन ओळी काढून दाखवल्या. “हे बघा. ठिकाण नाही म्हटलं तर पुसून टाकतात. कायमचं बंद म्हटलं तर नाव राहतं, तुम्ही लिहिलेलंही राहतं. मी माझी तक्रार मागं घेते. पण चालू आहे म्हणू नका, तात्या. बाबा रोज उघडून बघतात.”

“आधी वाचून दाखव,” तात्या म्हणाले. “म्या लिव्हलेलं.”

तिनं वाचलं. गुळाचा चहा, दहानंतरची भजी, कानडीतला राग. शेवटच्या ओळीच्या आधी ती जरा थांबली. तसं तिला कुणी शिकवलं नव्हतं.

तात्यांनी अंगठा टेकवला. कायमचं बंद.

फोननं विचारलं, ‘केव्हापासून?’

वर्षांची चकती समोर आली. तात्या ती मागं फिरवू लागले. टाळेबंदीची वर्षं गेली, पेन्शन लागली ते वर्ष गेलं, शेजारी बसलेल्या मुलीच्या जन्माचं वर्ष गेलं. आकडा पुढं सरकायचा, ते पुन्हा मागं आणायचे. मुलीनं मदतीला हात पुढं केला.

“राहू दे,” ते म्हणाले. “हा शेरा म्याच मारायचा हाय.”

आणि त्यांनी तारीख घातली.