उजव्या मनगटावरची पट्टी

"चूक काढून टाकली म्हणजे नक्की काय केलंत?" धाकटीनं विचारलं.

टी-शर्टवाल्यानं लॅपटॉप तिच्याकडे वळवला. चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला माणूस. जुना सिनेमा धुऊनपुसून नवा करणाऱ्या कंपनीत तो कामाला होता आणि आजच्या मॅटिनीला ती नवी प्रत पहिल्यांदा लागणार होती. त्याच्या टी-शर्टवर सिनेमातल्या त्या दोघांचं चित्र होतं. टोपी घातलेला, कधी न हसणारा जकात अधिकारी आणि तोंडाचा पट्टा चालू असलेला टेम्पोवाला. पोटामुळे टेम्पोवाला होता त्यापेक्षा जास्तच हसत होता.

"हे बघा मावशी. दुधाच्या गाडीचा पाठलाग. जखम उजव्या मनगटाला, पण गाडीत बसला की पट्टी डाव्या हातावर जायची. तीनदा. आता बघा."

धाकटीनं चष्मा पुढे ओढून बघितलं. टेम्पोवाला स्टिअरिंग फिरवत होता आणि पट्टी उजव्या मनगटावर होती. पुन्हा दिसला, तेव्हाही उजव्याच.

"एकेक चित्र घेऊन कॉम्प्युटरवर केलंय. आठ महिने लागले," तो म्हणाला. "शाळेत मला या पट्टीवरून चिडवायचे हो. तुझ्या आवडत्या सिनेमात हिरोचा हात बदलतो म्हणून. आता ठेवू दे कुणाला नावं."

माणूस वाईट नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. पण धाकटी घाबरली होती आणि घाबरली की ती चिडायची, हा तिचा जुनाच स्वभाव.

"गाठ जखमेवरच आहे," ती म्हणाली.

"काय?"

"पट्टीची गाठ. जखमेवरच बांधलीय. गाठ बाजूला घ्यायची असते, नाहीतर रुतते. ती नाही का दुरुस्त केली?"

त्यानं स्क्रीनकडे वाकून बघितलं. "हे नाही लक्षात आलं कुणाच्या."

"माझ्या आलं होतं, पहिल्या खेळाला. हातही माझ्याच लक्षात आला होता. जुनी प्रत लावा."

"जुनी नाहीये इथं. आणि मावशी, चूक ती चूकच ना?"

"मी कुठं म्हणते नव्हती म्हणून?" धाकटी म्हणाली आणि वळली.

जिन्याजवळच्या बाकावर तिची थोरली जाऊ बसली होती. काळा चष्मा, मांडीवर पाण्याची बाटली, पाठ ताठ. साखरेनं तिचे डोळे दोन वर्षांपूर्वी नेले होते. आता खिडकी कुठं आहे एवढं तिला कळायचं, तेही दुपारी. तरी या खेळाची जाहिरात धाकटीनं वाचून दाखवली तेव्हापासून ती सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्यानं गुळण्या करत होती. घसा साफ राहायला हवा, ओरडायचंय, म्हणायची.

आता हे ओरडण्याचं प्रकरण सांगायला हवं.

चाळीस वर्षांपूर्वी या दोघींमधून विस्तव जात नव्हता. धाकटी चोवीस वर्षांची, दवाखान्याच्या ड्रेसिंगच्या खोलीत नर्स. थोरली तीस वर्षांची आणि घर तिच्या मुठीत. धाकटी ड्यूटीवरून आल्यावर भांडी घासायची आणि थोरली तीच भांडी तिच्यासमोर पुन्हा घासायची. एक शब्द न बोलता. दवाखान्याचे हात, असं तिला म्हणायचं असावं. धाकटी मग मुद्दाम जास्त भांडी घासायची. अशी तीन वर्षं गेली.

एकदा धाकटीच्या नवऱ्यानं दोन तिकिटं आणली आणि ऐन वेळी त्याला ऑफिसात थांबावं लागलं. सून एकटी सिनेमाला जाणार, हे सासूबाईंना पटेना. त्यांनी पहारा म्हणून थोरलीला सोबत दिलं. दोघी एकमेकींपासून हातभर अंतर ठेवून थिएटरपर्यंत चालत गेल्या.

सिनेमातही तसंच दोघांचं जमत नव्हतं. वरिष्ठांच्या हुकुमानं त्या जकात अधिकाऱ्याला त्या टेम्पोवाल्याला बरोबर घेऊन फिरावं लागतं. एक नियमाबाहेर पाऊल टाकत नाही, दुसरा नियम ऐकून घेत नाही. मग कारखान्यातल्या मारामारीत टेम्पोवाल्याचं मनगट कापतं. अधिकारी इकडेतिकडे बघतो, स्वतःचा इस्त्रीचा रुमाल काढतो, फाडतो आणि तोंड वाकडं करून बांधतो. पुढच्या मिनिटाला दोघं दुधाची गाडी पळवतात, मागे चाळीस कॅन आपटत असतात, आणि पट्टी डाव्या हातावर.

"अहो, हात बदलला त्याचा," धाकटी नकळत थोरलीच्या कानाशी म्हणाली. तीन वर्षांत आपण होऊन बोललेलं ते तिचं पहिलं वाक्य.

थोरलीनं बघितलं. आणि जिनं सासऱ्यांसमोर कधी मान वर केली नव्हती ती बाई, पुढच्या वेळी पट्टी दिसल्याबरोबर, बाल्कनीतून खच्चून ओरडली, "अरे, हात बदल!"

सगळी बाल्कनी हसली. थोरलीनं तोंडाला पदर लावला आणि पदरातल्या पदरात ती इतकी हसली की धाकटीला तिच्या पाठीवर हात फिरवावा लागला. परत येताना अंतर राहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी थोरलीनं धाकटीनं घासलेली भांडी उचलली आणि सरळ फळीवर लावली.

त्या वर्षी दोघींनी तो सिनेमा अकरा वेळा बघितला. पाचव्या-सहाव्या वेळेपर्यंत बाल्कनीतले अनोळखी लोकही ओरडायला लागले होते. पुढे सिनेमा दुसऱ्या गावांत गेला, तिथंही ओरडायचे म्हणे. आता चाहत्यांचे मेळावे भरतात, तिथं कुणी सांगतात की ही आरोळी कॉलेजच्या पोरांनी सुरू केली. धाकटीला त्या पोरांना एकदा भेटायचंय. ओरडायची मात्र नेहमी थोरली. धाकटीचं काम कोपरानं ढोसायचं. चाळीस वर्षांत तिनं स्वतः एकदाही तोंड उघडलं नव्हतं, कारण चारचौघांत आवाज चढवणं तिला जमतच नसे.

"कुठं गेली होतीस?" थोरलीनं विचारलं. पावलांवरून ओळखायची ती.

"इथंच. गर्दी बघत होते."

"आहे का गर्दी?"

"भरपूर. आपल्या वयाचेच बरेच. टोप्या घालून आलेत काहीजण."

"तुझा आवाज असा का येतोय?"

"असा म्हणजे?"

"ऑपरेशन लांबणीवर पडलं की पेशंटच्या बायकोशी बोलायचीस तसा."

घंटा झाली म्हणून धाकटी सुटली. तिनं थोरलीचा हात कोपराशी धरला आणि दोघी आत गेल्या.

पहिला भाग छान गेला. छान म्हणजे काय, आगाऊपणाच होता सगळा. टेम्पोवाला बोलायच्या आधी निम्मं थिएटर त्याचं वाक्य बोलत होतं. अधिकारी पहिल्यांदा खुर्चीवरून पडतो तिथं टोपीवाल्यांनी आपापल्या टोप्या उडवल्या. थोरलीचा एकही शब्द चुकत नव्हता. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं तर कुणाला खरं वाटलं नसतं की हिला दिसत नाही. धाकटीला मात्र काही ऐकू येत नव्हतं. मध्यंतरानंतर वीस मिनिटांनी दुधाची गाडी होती.

ड्रेसिंगच्या खोलीत चौतीस वर्षं लोक तिला विचारायचे, दुखेल का. ती म्हणायची, दुखेल. दुसऱ्या नर्सा काहीच नाही, मुंगी चावल्यासारखं, असलं काहीबाही सांगायच्या. धाकटीनं कधी सांगितलं नाही. त्यामुळे काही पेशंट तिला टाळायचे आणि काही तिच्याकडेच रांग लावायचे. आणि आज ज्या बाईला तिनं सगळ्यात जास्त मानलं तिच्याशीच खोटं बोलायची वेळ आली होती. काही न बोललं तरी ते खोटंच होतं. थोरली ओरडणार, पडद्यावर हात बरोबर असणार आणि सगळे त्या म्हाताऱ्या आंधळ्या बाईकडे वळून बघणार. 

मध्यंतरात दिवे लागले तसं तिनं सांगून टाकलं.

"वहिनी, त्यांनी हात दुरुस्त केलाय."

"कुणी?"

"कंपनीनं. पट्टी उजव्या हातावर ठेवलीय. तिन्ही वेळेला. मी बाहेर बघून आले."

थोरलीनं पाण्याची बाटली उघडली, एक घोट घेतला, झाकण लावलं. झाकणाचा आटा नीट बसेपर्यंत ती ते फिरवत राहिली.

"त्यांना कुणी सांगितलं होतं?" तिनं विचारलं.

"कुणीच नाही. लोक हसतात म्हणून केलं म्हणे."

"हसतात म्हणून? मग कशाला यायचं होतं लोकांनी?"

"तुम्ही ओरडू नका आज," धाकटी म्हणाली. "उगाच कुणी काही बोलेल, मला सहन नाही व्हायचं."

"तुला सहन नाही व्हायचं ना? तू कानात बोटं घाल."

"वहिनी, हात बरोबर आहे तिथं."

"तुला बरोबर दिसतोय," थोरली म्हणाली. "मला चुकीचाच दिसतोय. अजून. मी मला दिसतं त्यावर ओरडणार."

 दिवे गेले.

दुधाची गाडी सुरू झाली तसे लोक खुर्च्यांच्या कडेला सरकले. इंजिन दोनदा खोकलं, कॅन आपटले, गाडीचा भोंगा तीनदा वाजला. धाकटीनं आज कोपर हलवलं नाही. थोरलीला त्याची गरजही नव्हती, तिला भोंगा पुरला.

"अरे, हात बदल!"

ती एकटीच ओरडली. सगळ्यांनी तोंडं उघडली होती, पण पडद्यावर उजव्या हातावरची पट्टी बघून ती नुसती उघडीच राहिली. थोरलीचा घोगरा आवाज थिएटरभर फिरला आणि मागून कुणीतरी फिसकन हसलं. एक तरुण गृहस्थ पुढे वाकून समजुतीच्या आवाजात म्हणाला, "आजी, आता बरोबर आहे तो. दुरुस्त केलंय."

"माहितेय मला," थोरली म्हणाली. पण तिचा हात खुर्चीच्या दांड्यावर काहीतरी शोधत होता.

दुसऱ्यांदा टेम्पोवाला दिसला. उजव्याच हातानं तो अधिकाऱ्याची टोपी खाली खेचत होता. पट्टी स्वच्छ, नीट, जिथं हवी तिथं. त्या नीटपणाचा धाकटीला इतका संताप आला की आपण कधी उठून उभ्या राहिलो हे तिला कळलं नाही.

"अरे, हात बदल!"

आवाज फाटला. चाळीस वर्षं न वापरलेला आवाज होता तो, कसा येणार. पण शेजारून थोरलीचाही आला आणि दोन्ही मिळून बऱ्यापैकी मोठा झाला.

टॉर्च घेऊन टी-शर्टवाला बाजूच्या पायऱ्यांवरून धावत खाली आला. "मावशी, बसा ना. प्लीज. लोकांना दिसत नाहीये."

"आम्हालाही दिसत नाहीये," धाकटी म्हणाली. "आमचा सिनेमा कुठंय?"

"हाच आहे हो. मी जिवापाड मेहनत केलीय यावर."

"केली असशील. चांगला मुलगा आहेस तू. पण विचारायचं होतंस."

मागच्या रांगेतला एक टोपीवाला म्हातारा उठला. काठीवर भार देऊन, हळूहळू. मग त्याची बायको. मग पलीकडचे चारपाच जण. धाकटी वळून मोजत बसली नाही. तिसऱ्यांदा टेम्पोवाला खिडकीतून बाहेर झुकला, पट्टी उजव्या मनगटावर, आणि सगळं थिएटर त्या बरोबर असलेल्या हातावर ओरडलं. टोप्या उडाल्या. ज्यानं दुरुस्त केलंय म्हणून सांगितलं होतं तो तरुण गृहस्थही ओरडला. टी-शर्टवाल्यानं टॉर्च विझवला आणि तो पायरीवरच बसला. तो ओरडला नाही, हेही सांगायला हवं. आपले आठ महिने पडद्यावरून जाताना तो बघत राहिला.

पुढची पाच मिनिटं कुणी खाली बसायला तयार नव्हतं. गाडी नदीत पडली, कॅन तरंगले, लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते.

"किती जण होते गं?" थोरलीनं विचारलं. तिला धाप लागली होती.

"सगळे नव्हते. एक जण नव्हता."

"असू दे. एखादा असायचाच." तिनं काळा चष्मा काढला, डोळे पुसले आणि चष्मा परत घातला नाही. "पुढे सांग. नदीतून कोण आधी येतं वर?"

"तुम्हाला माहितेय."

"तू सांग."

"टेम्पोवाला. मग तो खाली हात घालतो आणि साहेबाला ओढून काढतो."

थोरली हसली. ओरडण्याच्या भरात ती खुर्चीत तिरकी वळली होती. तिचा चेहरा आता पडद्याकडे नव्हता. बाजूच्या दारावर बाहेर जाण्याची हिरवी पाटी होती, तिचा मंद उजेड तेवढा तिला जाणवत असणार. त्या पाटीकडे तोंड करून, डोळे मोठे उघडून, ती पोटभर हसत होती. धाकटीनं तिचा चेहरा वळवला नाही. तीही खुर्चीत तेवढीच तिरकी झाली आणि दाराकडे बघत नदीतलं पुढचं सांगू लागली.