गुडघा टेकला की बाद

काही माणसांची अक्कल गुडघ्यात असते म्हणतात. आमच्या ह्यांची तिथेच होती, आणि नेमके गुडघेच गेले.

ह्यांचं काम नळदुरुस्तीचं. उभा जन्म लोकांच्या बेसिनखाली गुडघे टेकण्यात गेला. मग सुट्टीच्या दिवशी तरी माणसानं आडवं व्हावं की नाही? छे. अंगावर लोखंडी चिलखत चढवायचं, बोथट कुऱ्हाड घ्यायची आणि कठड्याच्या आत पाच विरुद्ध पाच अशी खरीखुरी हाणामारी करायची. खेळ आहे म्हणे. पंच असतात, नियम असतात. हात किंवा गुडघा जमिनीला लागला की बाद.

मी मोटारींच्या सीटा शिवते, म्हणून चिलखताचे चामडी पट्टे माझ्याच गळ्यात पडले. पाठीवरची बकलं स्वतःची स्वतःला लावता येत नाहीत. लग्न झाल्यापासून ती मीच आवळत आलेय आणि मीच सोडत आलेय, तोंडाचा पट्टा चालू ठेवून. फक्त एका वेळी घरच्यांनी हात लावायचा नाही, अशी ह्या लोकांची रीत आहे. ज्याला कायमचं थांबायचं असेल तो समोरच्या संघापुढे एक गुडघा टेकतो, आणि त्याची बकलं तेच सोडतात. त्यानंतर चिलखताला शिवायचं नाही.

डॉक्टरांनी एक्सरे बघून "आता पुरे करा" म्हटलं, तेव्हा मी म्हणाले, "टेका गुडघा आणि व्हा मोकळे."

"अगं, गुडघा टेकवतच नाही," हे म्हणाले. "मग थांबू कसा?"

आता ह्यावर काय बोलणार, कप्पाळ!

नेमकी त्याच सुमारास लेकीची संघात निवड झाली. संघात तिला सगळे ठिणगी म्हणतात. लोकांच्या छतांना पीओपी करते, दिवसभर हात वर करून, त्यामुळे खांदे बापासारखेच. त्या दिवशी जेवताना ह्यांनी ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, "एकदा तिच्या शेजारी उभं राहू दे मला. एकच लढत. मग तू म्हणशील तसं." ह्या माणसानं माझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही. मला नाही म्हणवेना.

पण धीर कुठला? गेले जिममध्ये, घेतली भलीमोठी वजनं खांद्यावर, आणि परत आले ते दोघांच्या आधारानं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथे बाशिंगाच्या जागी बर्फाची पिशवी. मग कोणीतरी हळूबाईंचं नाव सांगितलं. पूर्वी ज्युदो शिकवायच्या. त्यांच्या स्वतःच्याच दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. आता एका गॅरेजच्या मागच्या खोलीत शिकवायच्या, आणि सारखं "हळू, हळू" म्हणायच्या, म्हणून हळूबाई.

त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "खुर्चीतून उठताना हात टेकता का?"

"नाही," हे म्हणाले.

"टेकतात," मी म्हणाले. "वर आई गं पण म्हणतात."

भिंतीला पाठ लावून अर्धवट बसायचं आणि नुसतं तसंच राहायचं. वाळूच्या गोण्या लादलेली घसरगाडी उलट्या पावलांनी ओढायची. बुटक्या पायरीवरून एकेक पाय इतका सावकाश खाली आणायचा की बघणाऱ्याला जांभई यावी. दुखलं तर उंची कमी, वेग कमी आणि हट्ट कमी. "सांध्याला दटावून काही होत नाही," त्या म्हणायच्या, "त्याला विश्वासात घ्यावं लागतं." चिलखतसुद्धा एकदम घालू दिलं नाही. आधी नुसते पायाचे पत्रे, मग छातीचा, शिरस्त्राण सगळ्यात शेवटी. हे चडफडायचे, पण ऐकायचे. माझं कधी एवढं ऐकलं असतं तर!

आणि काय सांगू, गुण आला. जिना कठडा न धरता उतरायला लागले. एकदा आमच्याच बेसिनखाली शिरले आणि आतून कण्हण्याचा आवाज नाही, तर मी घाबरून बघायला गेले.

लेक मात्र रोज मला गाठायची. "आई, बाबांचा गुडघा खरंच बरा आहे? का माझ्यासाठी दुखणं दाबतायत?"

"हळूबाईंना विचार."

तिनं विचारलं. त्या म्हणाल्या, बरा आहे. पण लहानपणापासून तिनं काय पाहिलं होतं? बाप लंगडत घरी यायचा, आणि विचारलं की म्हणायचा, "काही नाही गं." तिचा विश्वास बसायचा कसा?

लढतीच्या दिवशी दोघांचीही बकलं मी आवळली. दोघं शेजारी शेजारी उभे राहिले आणि माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू.

शिरस्त्राणाच्या फटीतून फक्त समोरचं दिसतं. शेजारी बघायचं तर अख्खं अंग वळवावं लागतं, आणि समोर माणूस असताना अंग वळवायचं नाही, हे ह्यांनीच तिला शिकवलेलं. लढत सुरू झाली. एका धिप्पाड गड्यानं ह्यांना रेटत नेऊन कठड्यावर आदळलं. ह्यांनी गुडघे वाकवले आणि भिंतीला पाठ लावून बसायचे तसेच टिकून राहिले. पाय हललासुद्धा नाही. मी बाहेरून सगळं बघत होते. लेकीला आत फक्त आदळल्याचा आवाज ऐकू गेला.

ती वळली, अख्खी वळली. समोरच्या पोराची कुऱ्हाड तिच्या ढालीवर यायची, ती कोपरावर आली. त्याचा काही दोष नव्हता. पत्रा आत दबला आणि ती खाली बसली.

पंचांनी लढत थांबवली तशी मी आत धावले, तिचं शिरस्त्राण काढलं. तोंड पांढरंफटक पडलेलं, आणि विचारते काय, "आई, बाबांचा गुडघा?"

हे वाकून म्हणाले, "काही नाही गं."

जन्मात पहिल्यांदा ते खरं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, तिला ते खरं वाटलंच नाही.

मैदानावरच्या डॉक्टरबाईंनी पट्टे कापून हात मोकळा केला. कोपराचा चुरा झालाय, म्हणाल्या, ऑपरेशन करावं लागेल. हात पुन्हा छतापर्यंत जाईल का, हे मी विचारलं. त्यांनी हाताला फळी बांधायला घेतली. लेकीला गाडीकडे नेलं, आणि मी ह्यांना म्हणाले, "वळा, बकलं सोडते, आपल्याला निघायचंय."

हे वळले नाहीत. तसेच चालत समोरच्या संघाकडे गेले. मी मागोमाग गेले. ज्याची कुऱ्हाड लागली तो पोरगा तिथं रडत उभा होता. त्याच्या पुढ्यात हे थांबले. कशाचाही आधार न घेता, पाठ ताठ ठेवून, हळूबाईंनी शिकवलं होतं तसं एकेक बोट खाली येत ह्यांनी गुडघा जमिनीला टेकला. साधं हुं की चूं केलं नाही.

त्या पोरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं. माझे हात सवयीनं बकलांपर्यंत गेले होते, ते मी मागे घेतले.