मोरपंखी पट्टी

पळसटोल्यातली लेकरं आता दवाखान्यात जन्मतात, पण त्यांचं पहिलं झबलं अजूनही अन्नपूर्णेच्याच मशीनवर शिवलं जातं. आणि ते नव्या कापडाचं चालत नाही, बरं का. मार्कंड्याच्या जत्रेतून कितीही चकचकीत कपडे आणा, पाळण्यात घालायच्या दिवशी अंगावर जुनंच पाहिजे. तेही कुणाचंही जुनं नाही. आईच्या आईचं लुगडं पाहिजे, धुऊन धुऊन मऊ झालेलं, रंग उडालेलं. तिनं लेकरं जगवली, वाढवली, तेव्हा तिचं नशीब कापडातून नातवंडाच्या अंगाला लागतं म्हणे.

म्हणजे कापड नशीबवान बाईचं आणि शिलाई अन्नपूर्णेची. अन्नपूर्णेला मूल झालं नाही. नवऱ्यानं काही वर्षं वाट पाहिली, मग दुसरी करून आणली, आणि ही एक ट्रंक अन् एक शिलाई मशीन घेऊन माहेरी परत आली. तेव्हापासून गावातल्या बाया तिच्या दारात लुगडी घेऊन येतात, "हात लय गोड हाय वं तुहा" म्हणतात, आणि झबलं घेऊन गेल्या की बारशाला मात्र बोलवत नाहीत. वांझ बाई पाळण्याजवळ कशाला? गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय!

कुणी म्हणेल, बिचारी. छे हो! अन्नपूर्णा बिचारी कधीच नव्हती. तिच्या जिभेला धार होती आणि कात्रीला त्याहून जास्त. ती रागात मशीन चालवायला लागली की शेजारचा हरिदास बाहेरूनच विचारायचा, "आज कोणाचं कापड फाडून राह्यली, बाई?"

या हरिदासची पोरगी दिव्यानी. ती रांगत होती तेव्हाच तिची आई गेली. हरिदास दिवसभर धानाच्या बांधीत, शेतात राबायला, मग पोरगी अन्नपूर्णेच्या मशीनखाली. पायडलच्या तालावर झोपायची, चिंध्यांशी खेळायची. तिचे सगळे फ्रॉक उरल्यासुरल्याचे असायचे. घेर एकीच्या लुगड्याचा, बाह्या दुसऱ्याच्या धोतराच्या, खिसा तिसऱ्याच्या शर्टाचा. शाळेत पोरं चिडवायची, तर दिव्यानी रडत यायची. अन्नपूर्णा तिला म्हणायची, "रडतं काऊन? सांग त्यायले, तुह्या अंगावर अर्धं गाव हाय." दुसऱ्या दिवशी पोरगी ताठ मानेनं शाळेत जायची.

ही दिव्यानी गावातच मनकर्णेच्या घरी दिली. मनकर्णा म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. तिच्या धाकट्या मुलाशी, प्रफुलशी लग्न झालं, आणि यंदा मोहफुलं पडायला लागली त्या दिवसात दिव्यानीला मुलगी झाली. बाळंतपणातून उठून चालता यायला लागल्याबरोबर दिव्यानी अन्नपूर्णेच्या दारात हजर.

"मावशी, माह्या पोरीचं झबलं शिवून दे."

"देतो ना. आन लुगडं?"

"तेच तं मागाले आली. तुहं दे."

अन्नपूर्णेचा पाय पायडलवरच थांबला. "अक्कल गहाण टाकली का तुनं? आईच्या आईचं लागते. माह्यं लुगडं तुह्या सासूनं पाहिलं तं चुलीत घालन."

"सासूले मी पाहून घेतो. आईच्या आईचं लागते ना? मंग तूच सांग, मले आई कोण होती?"

रडणं अन्नपूर्णेला जमायचं नाही, म्हणून तिनं दिव्यानीला एक सणसणीत शिवी हासडली आणि ट्रंक उघडली.

तळाशी तिची लग्नाची साडी होती. मोरपंखी रंगाची, अजून तशीच झळाळती. दिव्यानीनं ती हौसेनं उलगडली आणि तोंड वासून पाहतच राहिली. साडी कसली, अर्धीच उरली होती ती. एका बाजूनं तिरप्या तिरप्या पट्ट्या कापत नेलेल्या.

"माय वं! उंदरानं खाल्ली का?"

"उंदरानं नाई. गावानं खाल्ली."

मग अन्नपूर्णेनं तिला ते सांगितलं, जे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. जुनं लुगडं लेकराच्या अंगाला गोड लागतं खरं, पण झबल्याचा गळा धरायचं बळ त्यात नसतं. पहिल्या पहिल्या वर्षी एका म्हातारीचं लुगडं असं विरलेलं आलं, की टाका घालताच गळा फाटला. दुसरं कापड घरात नव्हतं. अन्नपूर्णेनं ट्रंकेतली साडी काढली, तिरपी पट्टी कापली आणि गळ्याला आतून लावली. लेकरू गुटगुटीत निघालं. घरच्यांनी म्हातारीच्या नशिबाचं गावभर कौतुक केलं, आणि बारशाला अन्नपूर्णेला बोलावलं नाही. त्या दिवशी तिचं टाळकं सणकलं. पुढचं झबलं आलं, त्याचं लुगडं चांगलं दणकट होतं, गळा त्यानं आपला आपण धरला असता. तरी तिनं मोरपंखी पट्टी लावलीच. पहिली गरजेनं लावली होती, ही हट्टानं. मला नका बोलवू, पण मी तुमच्या लेकराच्या गळ्यात येऊन बसते की नाही बघा! त्यानंतर पट्टीशिवाय एकही झबलं तिच्या घरातून बाहेर पडलं नाही. कुणी याला फसवणूक म्हणेल. म्हणो बापडे.

"अव्वो! आन कोणाले पत्ताच नाई?" दिव्यानीला हसू आवरेना.

"गळा उलटा करून कोण पाह्यते? आन तूही तोंडाले कुलूप लाव. मले भांडाचं असन तवा मी भांडीन."

शिल्लक तुकड्यात पदर होता. अन्नपूर्णेनं तो अंथरला, हात फिरवला, आणि कात्री चालवली. एवढ्याशा बाह्या, पाठीला बंद, खाली पदराच्या जरीचा काठ. पदर कधी अंगाला लागलाच नव्हता फारसा, म्हणून तिनं तो दोनदा उकळत्या पाण्यातून काढला आणि हातानं चोळून मऊ केला. जरीचा काठ पोरीला टोचू नये म्हणून त्याला आतून सुती अस्तर दिलं. गळ्याची पट्टी मात्र या वेळी आत दुमडली नाही. बाहेर काढली, चांगली रुंद, लांबून दिसेल अशी.

गावात गुपित किती टिकतं? मनकर्णेच्या कानावर गेलंच. तिनं थोरल्या सुनेला, पुनमला धाडलं. पुनम दारातच घुटमळली. "मावशी, सासूबाईनं सांगतलं का... तुमचं झबलं नोको. आन बारशालेही येऊ नोका म्हणे."

"मले आजपर्यंत कोणी बोलावणं धाडलं नोतं," अन्नपूर्णा सुईत दोरा ओवत म्हणाली. "तुह्या सासूनं नोको म्हणाले का होईना, माणूस तं धाडलं. सांग तिले, मी येतो."

बारसं दुपारी होतं, कारण सकाळी सगळ्या बाया मोह वेचायला जंगलात. मनकर्णेच्या अंगणात एका बाजूला मोहफुलं वाळत पडलेली, त्यांचा गोड वास भरलेला, आणि पडवीत पाळणा बांधलेला. पाळण्याच्या एका अंगाला बापाची आई उभी राहते, दुसऱ्या अंगाला आईची आई, आणि दोघी लेकरू झेलून एकमेकींकडे देतात, ही रीत. दिव्यानीला आई नाही म्हणून दुसरी बाजू मोकळी होती. मनकर्णेनं तिथं आपल्या बहिणीला उभं करायचं ठरवलं होतं.

अन्नपूर्णा अंगणात शिरली आणि बायांच्या माना तिच्याकडे वळल्या. ती सरळ पडवीत गेली, झबलं दिव्यानीच्या हातात दिलं. दिव्यानीनं ते पोरीच्या अंगाला लावलं असेल नसेल, तोच मनकर्णेनं हात धरला.

"थांब. ज्या बाईची कूस उजवली नाई, तिच्या लुगड्यात माह्यी नात? मी जित्ती असताना?"

"आई, मले तिनंच..."

"तू चूप बस. पुनम, राजदीपचं झबलं आण ट्रंकेतलं!"

राजदीप म्हणजे पुनमचा मुलगा, मनकर्णेचा पहिला नातू. त्याचं झबलं म्हणजे गावातलं नावाजलेलं झबलं. राजदीपनं त्यात बाळसं धरलं, म्हणून ज्यांची लेकरं टिकत नव्हती ती घरं ते मागून नेत आणि काम झालं की धुऊन परत आणून देत. कुठं कुठं हिंडून आलं होतं ते! मनकर्णेनं ते आपल्या हातानं नातीला घातलं, बंद बांधले, आणि सगळ्यांकडे नजर फिरवली. "हे खरं झबलं. ह्यानं किती लेकरं जगवले, विचारा ह्या बायायले."

दिव्यानीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहिलं, आणि इतकी वर्षं आत दुमडून ठेवलेलं अन्नपूर्णेनं एका झटक्यात बाहेर काढलं.

"मनकर्णाबाई, त्या झबल्याचा गळा उलटा करा."

"काऊन?"

"करा तं खरं."

मनकर्णा हलली नाही. पुनम वाकली, लेकराच्या मानेजवळ बोट घालून तिनं गळा जरासा उलटला. आत मोरपंखी पट्टी. दिव्यानीच्या हातात होतं त्याच कापडाची. कितीदा धुतली गेली असेल, पण रंग काही हटला नव्हता.

मग एक बाई हळूच म्हणाली, "माह्या सुनिलच्या झबल्यालेही होती का वं?"

"त्याच्याई."

"आन आमच्या मोनालीच्या?"

"तिच्याई. जिच्या जिच्या लेकराचं झबलं मी शिवलं, तिच्या तिच्या घरी जाऊन गळा पाहा."

मनकर्णेचा चेहरा लालबुंद झाला. "फसवलं तुनं गावाले!"

"फसवलं?" अन्नपूर्णेचा आवाज चढला. "तुमच्या लुगड्याले गळा धरवत नोता, तो मी धरला. तुमचे लेकरं माह्या लग्नाच्या साडीत वाढले, आन तुमी मले उंबऱ्याबाह्यर ठेवलं. माह्या कापडानं लेकरं मरतेत ना? मंग सांगा, कोणाचं मेलं?"

"अव्वो माय, असं अभद्र बोलू नाई," कुणीतरी कुजबुजलं.

"तुमी मनात बोलता, मी तोंडानं बोलतो, एवढाच फरक हाय." तिनं कमरेची कात्री काढली आणि पाळण्यात ठेवली. "हे घ्या कात्री. जिले माह्यी पट्टी अपशकुनी वाटते, तिनं आताच झबलं आणावं आन उसवून टाकावं. मी थांबतो इथी."

एक बाई उठली, सगळ्यांच्या नजरा तिच्यावर. पण ती आपल्या पोराला शेंबूड पुसायला उठली होती, पुसून पुन्हा बसली. कात्रीला कुणी हात लावला नाही.

"बरं, मनकर्णाबाई, तुमी काढा," अन्नपूर्णा म्हणाली. "राजदीपचंही काढा. मंग दुसरं कोणतं घालता? माह्या पट्टीबिगरचं एक झबलं दाखवा ह्या गावात. नसन सापडत तं उघडंच टाका लेकरू पाळण्यात."

मनकर्णेचा हात बंदावर गेला. तिथंच थांबला. राजदीपचं झबलं अपशकुनी म्हणायचं, तर त्यात वाढलेला तिचा राजदीप कुठं राहिला? ज्या नशिबाची फुशारकी तिनं गावभर मारली, तेच आता तिच्या बोटांत अडकलं होतं. लेकरू रडायला लागलं. दिव्यानीनं सासूचा हात अलगद बाजूला केला, राजदीपचं झबलं काढलं आणि मोरपंखी झबलं पोरीला घातलं. पोरगी गप्प झाली नाही, उलट आणखी जोरानं रडली. अन्नपूर्णेला ते बरं वाटलं. आवाज होता पोरीला.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. मनकर्णेला काहीतरी बोलणं भागच होतं. ती घुश्शात म्हणाली, "गळा लय घट्ट हाय. काचन लेकराले."

"माह्या हातचा गळा हाय, बाई," अन्नपूर्णा म्हणाली. "आजपावतर कोणाले काचला नाई."

मग तिनं पाळण्यातली कात्री उचलून कमरेला खोचली, आणि कुणी बोलवायची वाट न पाहता, मोकळ्या ठेवलेल्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"द्या इकडं माह्यी नात," तिनं दोन्ही हात पुढे केले.