डोहाची बंदूक

मंजुळाला मी पायातल्या तोड्यांवरून ओळखलं. कमरेच्या वर ओळखण्यासारखं काही राहिलं नव्हतं. पाणी तांबडं झालं होतं आणि त्यावर मासे पांढरी पोटं वर करून पडले होते. काही अजून शेपट्या आपटत होते. तिच्या हातातली पितळेची थाळी चेपून चिखलात रुतली होती. मी तिला उचलायला गेलो तर तिचा हात खांद्यापासून लोंबला. मग शेजारच्या माणिकरावानं आपलं उपरणं पाण्यावर पसरलं आणि आम्ही दोघांनी तिला त्यात गोळा केलं.

कयाधूच्या आमच्या डोहात मासे धरत नाहीत. रोज एका घराची पाळी असते. सकाळी थाळी वाजवायची आणि कणकेच्या गोळ्या टाकायच्या. थाळीचा आवाज आला की मासे काठाला गर्दी करतात. माणिकरावाच्या घरचा म्हातारा वरच्या पायऱ्यांवरूनच गोळ्या फेकायचा, त्याला खाली उतरवत नसे. मंजुळा मात्र गुडघाभर पाण्यात जाऊन हातातून खाऊ घालायची. आम्हा नवराबायकोला मूलबाळ नव्हतं. मी तिला हसायचो.

मासे गोळा होतात हे चोरांनाही माहीत झालं होतं. समोरची दरड उंच आणि बाहेर आलेली आहे. तिच्यावर लपायचं, थाळी वाजली की पेटता सुरुंग खाली टाकायचा आणि मेलेले मासे पोत्यात भरून न्यायचे. जंगल खात्याचा चौकीदार थावरा, तांड्यावरचा माणूस, एकदा त्यांना अडवायला गेला होता. त्यांनी त्याच्या बरगड्या मोडल्या.

त्या दिवशी पाळी माणिकरावाची होती. आदल्या संध्याकाळी नरसीहून त्याचा चुलतभाऊ गेल्याची बातमी आली आणि घराला सुतक पडलं. सुतकाच्या घरातून डोहाला काही देत नाहीत, पाळी पुढच्या घराला जाते. पुढचं घर आमचं.

मंजुळाचे दिवस झाल्यावर मी हिंगोलीला खात्याच्या कचेरीत गेलो. थावरा बरोबर होता.

"कानून तो है," साहेब म्हणाले. "सुरुंग टाकणाऱ्याला कैद आहे. चौकीदार भी है."

"चौकीदाराकडं काठी हाय साहेब," थावरा म्हणाला. "ते दरडीवर, मी ह्या काठाला. मंधात डोह. काठी फेकून मारू का?"

"लढाई चालू आहे. नावेला आणि बंदुकीला खात्याकडे पैसा नाही. गावानं घेऊन दिली तर परवाना आजच लिहून देतो."

"माणूस मेलं साहेब," मी म्हणालो.

"इसीलिए आज देता हूँ."

गाव बसलं. माणिकरावानं घरात ठेवलेल्या सागाच्या फळ्या नावेसाठी दिल्या. तो माझ्याकडे बघत नव्हता. कुणी ज्वारी दिली, कुणी हळद. बंदुकीला ते पुरत नव्हतं. माझ्याकडे मंजुळाचे तोडे होते. पण आमच्यात बाई मूल न ठेवता गेली तर तिची चांदी माहेरी जाते. म्हणून मी तोडे घेऊन तिच्या माहेरी, हट्ट्याला गेलो.

सासू शकुबाई उंबऱ्यात बसली होती. मेव्हणा ग्यानबा आत होता. तो गावोगाव विहिरी खोदायची कामं करायचा. त्याच्या उजव्या हाताला फडकं बांधलेलं होतं. सुरुंगाची वात लवकर जळली, असं सासू म्हणाली.

"मामी, तोडे तुमचे हायेत, द्यायला आलो," मी म्हणालो. "पण मागायलाबी आलो. बंदुकीसाठी पाहिजेत. डोहावरच्या चौकीदाराला."

सासू बोलायच्या आधी ग्यानबा बाहेर आला. "माशांच्या राखणीला बंदूक? उद्या बेडकांना पलटण ठेवा दाजी! बहिणीची चांदी इकून लोखंड घ्यायला निघाले."

"माशांसाठी न्हाई. तिला मारणाऱ्यासाठी."

"त्याला मारून ती येती का?"

"तू काहून भांडून राहिला?" सासू त्याला म्हणाली. तिनं तोडे हातात घेतले, पदरानं पुसले आणि माझ्याकडे परत केले. "न्या बापू. ज्यानं माझी लेक फाडली त्याला पहिली गोळी घाला. मी बघायला येईन."

ग्यानबानं उंबऱ्यातला तांब्या लाथेनं उडवला आणि तो निघून गेला. मला वाटलं, चांदी हातची गेली म्हणून चिडला.

ठासणीची जुनी बंदूक मिळाली. नाव तयार झाली. नाव पाण्यात सोडायच्या दिवशी गावानं पाळी माझ्या घरची ठेवली. सासू सांगितल्याप्रमाणे आली. गाडी ग्यानबा हाकत होता. त्याला यायचं नव्हतं, पण म्हातारीनं आणला.

थावरा नावेत उभा राहिला तशी नाव हलली. "बुडशील रे," माणिकरावाचा म्हातारा पायऱ्यांवरून ओरडला.

"मला पोहता येतं आजा. बंदुकीला येत न्हाई, तिची काळजी करा."

लोक हसले. मी नवी थाळी वाजवली. मासे आले, थोडेच. सासूनं विचारलं, मंजुळा कुठं उभी होती? मी पाण्यात उतरून जागा दाखवली. दरडीच्या बरोबर खाली. सासू तशीच लुगड्यासकट पाण्यात आली आणि तिनं त्या जागी पाण्यावर तळहात ठेवला, लेकीच्या डोक्यावर ठेवावा तसा.

काठावरचा ग्यानबा गाडी सोडून पुढे आला. मग ओरडला, "तिची पाळी नव्हती! पाळी माणिकरावाची होती! म्हातारा वर उभा ऱ्हातो, पायऱ्यांवर! ती खाली काहून उतरली?"

पाळीचं मी हट्ट्यात कुणाला सांगितलं नव्हतं.

"आमाला सुतक पडलं होतं," माणिकराव हळू म्हणाला. "आदल्या सांजेला."

"सुतक," ग्यानबा म्हणाला आणि चिखलात बसला. "दरडीवरून खालचं दिसत न्हाई. थाळी वाजली. मी टाकला."

मी नावेतून बंदूक ओढली. "भाऊ, भरलेली हाय!" थावरा म्हणाला. म्हणूनच मी घेतली होती. घोडा मागे ओढून मी नळी ग्यानबाच्या तोंडावर धरली. तो पळाला नाही.

"घाला दाजी."

मी सासूकडे पाहिलं. ती पाण्यात उभी होती. घाल म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. तोंडावर नळी आल्यावर ग्यानबानं डोळे मिटले. झोपल्यासारखा दिसला. मला गोळी कमी वाटली. क्षणात संपलं असतं. मंजुळाच्या अंगाचं झालं तसं काहीच झालं नसतं त्याचं.

मी बंदूक उलटी केली, नळी दोन्ही हातांत धरली आणि दस्ता त्याच्या जबड्यावर मारला. दात बाहेर आले. दुसरा घाव त्यानं हातावर घेतला, हाड मोडल्याचा आवाज आला. तिसऱ्याला बंदूक उडाली. नळी माझ्याच बाजूला होती. माझा अर्धा कान गेला. पहिली गोळी ती. मला ते नंतर कळलं, मी मारतच होतो. खांद्यावर मारलं, बरगड्यांवर मारलं. तो आई म्हणून ओरडला, मी त्याच तोंडावर पुन्हा मारलं. दस्ता मोडून पाण्यात पडला तेव्हा थावरा आणि माणिकराव दोघं माझ्या अंगावर पडले.

थावरानं नुसती नळी उचलली. "गेली. एक चोर धरला न्हाई आन् बंदूक गेली."

"धरला की," माणिकराव म्हणाला.

सासू पाण्यातून बाहेर आली. लेकाकडे गेली नाही. पायरीवर बसून स्वतःच्या पायातले तोडे काढायला लागली. पाय सुजलेले होते, तोडे निघेनात. तिनं दगड घेतला आणि तोड्याचा खिळा ठोकायला लागली. घोट्याची कातडी निघाली, रक्त पायरीवर आलं, तरी ठोकत राहिली. दोन्ही निघाल्यावर तिनं ते थावराच्या पुढ्यात टाकले.

"दस्ता नवा बसवून आण. हा परत त्या दरडीवर दिसला तर छातीत घाल. माझी वाट बघू नको."

"मायबाई, ह्याला हिंगोलीला न्यावं लागतं," थावरा म्हणाला. "कैद हाय."

"ने. आधी दवाखान्यात ने, मग कैदेत." मग ती माझ्याकडे वळली. माझ्या मानेवरून रक्त वाहत होतं ते तिनं पाहिलं. "बापू, गाडीत घाला ह्याला. माझ्यानं उचलत न्हाई."

मी ग्यानबाच्या काखेत हात घातले आणि त्याला उचललं. त्याचा मोडका हात खांद्यापासून लोंबला आणि माझ्या गुडघ्यांवर आपटत राहिला, गाडीपर्यंत.